हिरवळ, हुमणी आणि जपानी भुंगेरा

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयापुढे हिरवळीचा एक लहानसा तुकडा आहे. गेल्या भाद्रपदात त्याच्यावर तपकिरी डाग उमटू लागले. आधी निंबाच्या झाडाखाली एक, मग वाचनकक्षाच्या भिंतीलगत दोन-तीन, आणि पितृपक्ष सरेपर्यंत फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरावे इतके. सभासदांत अर्थातच मतभेद झाले. कोणी पाणी कमी पडल्याचे म्हटले, कोणी भटक्या कुत्र्यांवर ठपका ठेवला. आमच्या माळीकाकांनी 'मुंडा' एवढा एकच गुजराती शब्द उच्चारला आणि ते आपल्या कामाला लागले. एका ज्येष्ठ सभासदांना मात्र पूर्वीचे दिवस आठवले. बीएचसीची भुकटी मूठभर फेकली की आठवड्यात काम होत असे, असे त्यांनी सांगितले. ती भुकटी १९९७ सालापासून भारतात बंद आहे, हे निदर्शनास आणून दिल्यावर त्यांनी तितकेच जालीम दुसरे काही आणण्याची सूचना केली आणि ती जवळजवळ मंजूरही झाली.

जमिनीखाली काय आहे हे त्या क्षणापर्यंत कोणीही पाहिले नव्हते. औषध ठरले होते, रोग ठरायचा होता. आम्हांला त्या वेळी आठवण झाली ती अमेरिकेतील एका भुंगेऱ्याची. त्याच्या मागे लागून एका प्रगत राष्ट्राने पन्नास वर्षे हाच क्रम गिरवला, आणि त्याची किंमत बहुतांशी भलत्यांनीच मोजली. ती हकीकत मराठीत सविस्तर आलेली आमच्या वाचनात नाही, म्हणून येथे मांडतो.

प्रथम हिरवळीविषयी थोडेसे. जिच्यावर गणपतीच्या दूर्वा उगवतात ती हरळी आपल्या शेतकऱ्याच्या लेखी तण आहे. तीच हरळी कापून-छाटून गालिच्यासारखी राखावी आणि तिच्यावर काही पेरू नये, ही कल्पना आपल्याकडे आली ती मुख्यतः छावण्या, क्लब आणि संस्थानी बागा यांच्या वाटेने. बडोद्याची सयाजीबाग १८७९ सालची. ती पाहत वाढलेल्या आमच्या पिढ्यांना हिरवळ ही निसर्गाचीच देणगी वाटत आली आहे. वस्तुतः ती यंत्राची देणगी म्हणावी लागेल. इंग्लंडमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील उभे तंतू सारखे छाटणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. तोवर आखूड गवताचे मैदान राखणे ज्याच्या पदरी कोयतेकरी आणि मेंढ्यांचे कळप असतील त्यालाच परवडत असे. यंत्र आल्यावर ती हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि अमेरिकेत तर घर म्हटले की पुढे हिरवळ हवीच अशी रीत पडली.

एकाच जातीचे आखूड गवत, मैलोगणती अखंड पसरलेले, उन्हाळ्यातही पाणी मिळणारे: हे वर्णन माणसाच्या डोळ्यांना सुखावणारे असले तरी जमिनीत अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मादीलाही त्याहून सोयीची जागा सापडायची नाही. तिच्या अंड्यांना वाढण्यासाठी ओलावा लागतो आणि अळ्यांना मुळे लागतात. हिरवळीत दोन्हींची ददात नसते.

१९१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात न्यू जर्सी राज्यातील रिव्हरटन या गावाजवळच्या एका रोपवाटिकेत तपासणीसाठी गेलेल्या दोघा कीटकतज्ज्ञांना काही अनोळखी भुंगेरे दिसले. संख्या डझनभरच असेल. रिव्हरटन हे डेलावेअर नदीच्या काठी, फिलाडेल्फिया शहरापासून फारसे दूर नाही. हा कीटक जपानातला, शास्त्रीय नाव पॉपिलिया जॅपोनिका. जपानहून आयरिस या फुलझाडाचे कंद मातीसकट येत असत, त्या मातीतून त्याच्या अळ्या आल्या असाव्यात असे मानले जाते. परदेशी रोपांवर नियंत्रण ठेवणारा कायदा अमेरिकेने १९१२ साली केला, पण बहुधा त्याआधीच हा पाहुणा घरात शिरलेला होता.

दिसायला तो देखणा आहे. लांबी सुमारे १० मिलिमीटर, डोके व छाती धातूसारखी चमकदार हिरवी, पंखांवरील कवच तांब्याच्या रंगाचे, आणि कवचाच्या कडेने दोन्ही अंगांस पांढऱ्या केसांचे पाच-पाच झुबके, शिवाय मागच्या टोकाला दोन. हे बारा झुबके ही त्याची ओळख. तीनशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तो ताव मारतो. गुलाब, द्राक्षवेल, लिंडन वृक्ष ही त्याची विशेष आवडती. पानाच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवतो, त्यामुळे खाल्लेले पान जाळीच्या कापडासारखे दिसते. गंमत म्हणजे कुंडीत लावतात त्या जिरेनियमच्या पाकळ्या खाल्ल्या की तो काही तास लुळा होऊन पडतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा त्याच पाकळ्या खाऊ लागतो. माणसाच्या काही सवयींशी याचे साम्य वाचकांना जाणवेलच.

त्याचे वर्षभराचे चक्र ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळायचा नाही. जून-जुलैत भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. मादी दिवसा पाने खाते आणि संध्याकाळच्या सुमारास गवतात शिरून, दोन ते चार इंच खोल, थोडी थोडी करून चाळीस ते साठ अंडी घालते. सुमारे दोन आठवड्यांनी अळ्या बाहेर येतात. पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली ही अळी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मुळे कुरतडते, थंडीत खोल जाते, वसंतात पुन्हा वर येऊन थोडे खाते आणि कोषात जाते. म्हणजे दहा महिने ती अदृश्य असते. डोळ्यांना दिसते ते गवत पिवळे पडून सुकल्यावर. तोवर मुळे तुटलेली असतात आणि हिरवळीचा तुकडा सतरंजीसारखा गुंडाळून उचलता येतो.

जपानात या कीटकाचा उपद्रव फारसा नव्हता. तेथे सलग कुरणे कमी, आणि त्याला मारणारे शत्रू पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहत आलेले. अमेरिकेत कुरणे अफाट आणि शत्रू एकही नाही.

आरंभी अमेरिकी शासनाने त्याचा समूळ नाश करण्याचे ठरवले. रिव्हरटन येथे १९१७ साली खास प्रयोगशाळा उघडली गेली, भुंगेरे हाताने वेचण्यात आले, प्रादुर्भावाच्या सीमेभोवती विषारी फवारणीचे पट्टे आखण्यात आले. पण भुंगेऱ्याला पंख होते आणि शेतमालाच्या गाड्यांना चाके. १९२० सालापर्यंत समूळ नाशाचा विचार सोडून देऊन प्रसार मंदावण्यावर समाधान मानण्यात आले. हा शहाणपणाचा निर्णय होता असे आमचे मत आहे. दुर्दैवाने चौतीस वर्षांनंतर दुसऱ्या एका राज्यात तो विसरला गेला. त्याची हकीकत पुढे येईल.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हिरवळीसाठी लेड आर्सेनेट हे औषध पुढे आले. शिसे आणि सोमल यांचे हे संयुग १८९२ पासून एका पानखाऊ पतंगाच्या अळ्यांवर आणि पुढे सफरचंदाच्या बागांत वापरले जात होते. ते गोल्फच्या मैदानांच्या मातीत मिसळले की अळ्या मरतात आणि एकदा टाकले की वर्षानुवर्षे पुन्हा टाकावे लागत नाही, असे आढळल्यावर त्याचा मोठा गवगवा झाला. ते टिकते हाच त्याचा गुण मानला गेला. शिसे आणि सोमल ही मूलद्रव्ये. ती कुजत नाहीत, उडून जात नाहीत. अमेरिकेत लेड आर्सेनेटच्या कीटकनाशक वापरावर १९८८ साली अधिकृत बंदी आली, परंतु जुन्या फळबागांच्या आणि मैदानांच्या जागी घरे बांधताना ते आजही मातीत सापडते.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक संथ काम चालू होते. इतिहासलेखकांनी त्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही, म्हणून आम्ही येथे थोडे रेंगाळणार आहोत. भुंगेऱ्याचे मूळ शत्रू शोधण्यासाठी कर्टिस क्लॉसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जपान, कोरिया व चीन येथे पाठवण्यात आले होते. त्यांनी धाडलेल्या परोपजीवी कीटकांपैकी टिफिया वंशाच्या दोन बारीक काळ्या गांधीलमाश्या अमेरिकेत रुजल्या. या माशीची मादी माती उकरत खाली जाते, अळीला नेमकी गाठते, नांगी मारून तिला काही काळ लुळी करते आणि तिच्या अंगावर एका ठराविक घडीत एकच अंडे चिकटवते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत अळीवर वाढते. जमिनीखालच्या अंधारात, हजारो प्रकारच्या कृमिकीटकांतून, ही माशी आपले भक्ष्य चुकत नाही. जपानातून आणलेली एक परोपजीवी माशी तर थेट प्रौढ भुंगेऱ्याच्या छातीवर अंडी घालते. पाठीवर पांढरा ठिपका असलेला भुंगेरा दिसला तर त्याला मारू नये, असे अमेरिकेतील बागकामाचे जाणकार आज सांगतात ते याचसाठी.

आणि १९३३ साली न्यू जर्सीतच काही अळ्या दुधासारख्या पांढऱ्या पडलेल्या आढळल्या. निरोगी अळीचे रक्त पारदर्शक असते; या अळ्यांचा पाय तोडला तर दुधाळ थेंब निघत असे. त्याचे कारण एक जिवाणू आहे असे निष्पन्न झाले आणि सॅम्सन डटकी यांनी १९४० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मुळांबरोबर मातीतील बीजाणू अळीच्या पोटात जातात, तेथून रक्तात शिरून वाढतात, आणि मेलेली एकेक अळी अब्जावधी बीजाणू मातीला परत करते. अडचण एवढीच की हे बीजाणू प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर नीट तयार होत नसत. त्यासाठी जिवंत अळ्या गोळा करून प्रत्येकीला सुईने टोचावे लागे, आजार पिकेपर्यंत सांभाळावे लागे, मग वाटून ती पूड खडूच्या भुकटीत मिसळावी लागे. हे किचकट काम माणसांनी चिकाटीने केले. १९३९ ते १९५३ या काळात चौदा पूर्वेकडील राज्यांत आणि राजधानीच्या प्रदेशात सुमारे ९४ हजार एकरांवर ही पूड टाकण्यात आली. सूक्ष्मजीवापासून बनवलेले अमेरिकेतील पहिले नोंदणीकृत कीटकनाशक म्हणून १९४८ साली तिची नोंद झाली.

या उपायाचे गुणगान करताना हात थोडा आखडता घेतला पाहिजे. दुधाळ रोग मातीत बसायला दोन-चार वर्षे लागतात, आणि १९९० च्या दशकात केंटकी राज्यात घेतलेल्या चाचण्यांत बाजारात मिळणाऱ्या पुडीचा हिरवळीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. परंतु पूर्वेकडे १९४५ च्या सुमारास भुंगेऱ्यांची संख्या स्पष्टपणे उतरू लागली होती. पाऊसमान, टिफिया माश्या, दुधाळ रोग आणि गावोगावच्या पक्ष्यांची भूक यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण. न्यू जर्सीतील लोक भुंगेऱ्यासह जगायला शिकले होते, हे मात्र खरे.

भुंगेरा पश्चिमेकडे सरकला तेव्हा त्याची गाठ वेगळ्या पिढीशी पडली. दुसरे महायुद्ध संपले होते. डीडीटीने हिवताप हटवल्याचा गौरव ताजा होता. १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउनसारख्या वसाहतींत घरमालकाने आठवड्यातून एकदा हिरवळ कापलीच पाहिजे असा करार असे. दुधाळ रोगासाठी तीन वर्षे वाट पाहण्याची तयारी या पिढीकडे नव्हती; विमाने होती.

इलिनॉय राज्यातील शेल्डन हे शेतकऱ्यांचे छोटे गाव. भुंगेरा राज्यात शिरत असलेल्या रेषेवर ते पडले हा त्याचा अपराध. १९५४ साली केंद्रीय आणि राज्य कृषिखात्याने तेथील १,४०० एकरांवर विमानातून डायल्ड्रिन टाकले, एकरी सुमारे तीन पौंड. पुढच्या वर्षी आणखी २,६०० एकर. तरी काम पुरे झाले नाही, म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. १९६१ अखेर एकूण क्षेत्र सुमारे १,३१,००० एकर झाले. डायल्ड्रिन डीडीटीच्या अनेक पट विषारी. विषाने मरणारी अळी मातीच्या पृष्ठावर येऊन तडफडते, आणि पक्ष्यांना तर अशीच अळी दिसते. रॉबिन, चंडोलाची आठवण करून देणारे मेडोलार्क, स्टार्लिंग, फेझंट या भागातून जवळजवळ नाहीसे झाले. बिळांत राहणाऱ्या खारी मेल्या. शेतघरांतील मांजरांपैकी सुमारे नव्वद टक्के पहिल्याच हंगामात दगावली. राज्याच्या निसर्ग सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी तुटपुंज्या पैशांत हे सर्व मोजून ठेवले म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. फवारणीला निधीची चणचण कधीच नव्हती, मोजणाऱ्यांना होती.

कृषिखात्याच्या अधिकाऱ्यांना येथे खलपुरुष ठरवणे सोपे आहे, पण ते आम्हांला मान्य नाही. मका आणि सोयाबीन यांच्या विशाल पट्ट्यात हा कीटक शिरतो आहे हे त्यांना दिसत होते. मक्याच्या कणसाचे रेशीम तो खातो आणि मग दाणा धरत नाही. ही भीती खोटी नव्हती. थोड्या जागेत, वेळीच सापडलेला प्रादुर्भाव मोडून काढता येतो हेही खरे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात १९६१ मध्ये आढळलेला भुंगेरा पुढील तीन-चार वर्षांत तेथून हटवला गेला. त्यांची चूक निराळी होती. शेल्डनच्या कोणत्या शेतात चौरस फुटाला किती अळ्या आहेत, हे पाहून विष टाकले गेले नाही. नकाशावरील रेषा पाहून टाकले गेले.

डेट्रॉइटमध्ये तर तेवढेही कारण नव्हते. १९५९ सालच्या शरदात मिशिगनच्या आग्नेय भागातील सुमारे २७ हजार एकरांवर, त्यात डेट्रॉइटची अनेक उपनगरे आली, आल्ड्रिनच्या गोळ्या विमानातून पेरण्यात आल्या. उपलब्ध औषधांत आल्ड्रिन सर्वांत स्वस्त, हे निवडीमागील कारण. भुंगेरा तेथे तीस वर्षांपासून अल्प संख्येत आहे आणि वाढलेला नाही, असे एका स्थानिक निसर्गतज्ज्ञाने सांगितले होते. खाली उडणारी विमाने पाहून घाबरलेल्या नागरिकांनी पोलिसांना दूरध्वनी केले. त्यांना हे औषध निर्धोक असल्याचे सांगण्यात आले. बारीक पांढऱ्या गोळ्या छपरांच्या कौलांत, पन्हळांत, झाडांच्या सालीच्या भेगांत बसल्या आणि पाऊस-बर्फ पडल्यावर अंगणातल्या प्रत्येक डबक्यात उतरल्या. काही दिवसांतच मेलेल्या पक्ष्यांची वार्ता येऊ लागली आणि पशुवैद्यांकडे आजारी कुत्र्या-मांजरांची रीघ लागली.

या दोन्ही ठिकाणांची हकीकत रॅचेल कार्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात एका स्वतंत्र प्रकरणात सांगितली. त्या ग्रंथाने माजलेले वादळ वाचकांस परिचित आहे. आल्ड्रिन व डायल्ड्रिनचे बहुतेक उपयोग अमेरिकेत १९७४ साली थांबवण्यात आले. ज्याच्यासाठी एवढे केले तो भुंगेरा आज इलिनॉय आणि मिशिगन दोन्हींत आहे. २०१४ साली तो इटलीच्या उत्तर भागात, मिलान शहराच्या पश्चिमेकडील टिचिनो नदीच्या खोऱ्यात आढळला आणि आता स्वित्झर्लंडमध्येही पोहोचला आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयाने जो मार्ग धरला त्याचा पाया साधा आहे: आधी खणावे. अमेरिकेतील कृषिविद्यापीठे आज घरमालकाला सांगतात की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवळीत तीन-चार जागी एक फूट लांब, एक फूट रुंद असा चौकोन तिन्ही बाजूंनी कापावा, पुस्तकाचे पान उलटावे तसा तो उलटावा आणि दोन-तीन इंच मातीतील अळ्या मोजाव्यात. चौरस फुटाला पाचाहून कमी असतील तर काहीही करू नये. गवत तेवढे सोसते. सशक्त, पाणी मिळणारी हिरवळ दहापर्यंतही सोसते. दर गोऱ्या अळीला जपानी समजू नये, हेही आलेच. अळीच्या शेवटच्या वलयाखाली बारीक काट्यांची नक्षी असते, ती भिंगातून पाहावी लागते. जपानी भुंगेऱ्याच्या अळीत ते काटे इंग्रजी व्ही अक्षरासारखे रचलेले असतात, युरोपीय चेफरच्या अळीत वाय अक्षरासारखे, मे-जूनच्या भुंगेऱ्यांत दोन समांतर रांगांत. एवढ्याशा फरकावर औषधाची निवड आणि वेळ अवलंबून असते. दुधाळ रोगाचा ठरावीक प्रकार एकाच जातीला लागतो, भलत्या अळीवर ती पूड वाया जाते.

अळीच नसेल तर? लष्करी अळी, गवतात जाळे करून राहणाऱ्या पतंगांच्या अळ्या किंवा मातीत बोगदे करणारे कीटक असतील, तर बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासण्याचा द्रवसाबण मिसळून हातभर चौकोनावर ओतले की ते दहा मिनिटांत वर येतात. हुमणीवर्गातील अळ्या या युक्तीने वर येत नाहीत, त्यांना खणूनच काढावे लागते. शिवाय बऱ्याचदा कीटक नसतोच; बुरशी असते, बोथट पात्याने कापलेले गवत असते किंवा तहान असते.

औषधांचे म्हणाल तर १९९४ पासून अमेरिकेतील हिरवळींवर इमिडाक्लोप्रिडचे राज्य झाले. अळ्यांवर ते उत्तम चालते, पण गवतातील क्लोव्हर फुलावर असेल तर मधमाश्यांना बाधते, आणि युरोपीय संघाने २०१८ साली त्याचा उघड्यावरील वापर बंद केला. प्रलोभन लावलेले पिवळे सापळेही बाजारात आले. त्यांविषयीचा केंटकीतील १९८५ सालचा अभ्यास मोठा मनोरंजक आहे: सापळे आसपासचे जितके भुंगेरे बोलावतात तितके पकडत नाहीत, त्यामुळे ते लावणाऱ्याच्या गुलाबांचे नुकसान वाढते. शेजाऱ्याच्या अंगणात लावावेत, असा विनोद तिकडे प्रचलित आहे.

आता घराकडे वळू. जपानी भुंगेरा आपल्याकडे नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. महाराष्ट्रात ज्याला हुमणी म्हणतात, गुजरातेत मुंडा किंवा धैण, आणि बेळगावकडे कन्नड शेतकरी ज्याला गोण्णे हुळू म्हणतात, तो हाच कुळातील प्राणी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील उसाला आणि गुजरात-राजस्थानातील भुईमुगाला त्याने किती वेळा झोपवले हे या पत्रिकेच्या अनेक वाचकांनी आपल्या शेतीत पाहिले असेल. महाराष्ट्रातील मुख्य जात होलोट्रिकिया सेराटा, गुजरातेतील कॉन्सँग्विनिया. वळवाचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की संध्याकाळी अंधार पडताच हे भुंगेरे जमिनीतून उसळतात, निंब, बाभूळ, बोर यांवर बसतात, पाने खातात, मीलन करतात आणि पहाटेपूर्वी मातीत परततात. या काही रात्रींतच त्यांना गाठायचे असते. झाडे हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणे, हा आपल्या कृषिविद्यापीठांनी पुष्कळ वर्षे सांगितलेला उपाय. मातीत मेटारायझियम नावाची उपकारक बुरशी मिसळणे, हा त्याला जोड. एकट्याच्या शेतात केल्याने यापैकी काहीच साधत नाही. गावाने मिळून करावे लागते, कारण भुंगेऱ्याला सातबारा वाचता येत नाही.

आणि आपल्याकडेही १९९७ पूर्वीची तीन-चार दशके या हुमणीवर बीएचसी, आल्ड्रिन यांच्याच भुकट्या फेकल्या जात होत्या, हे विसरून अमेरिकेला नावे ठेवणे बरे दिसणार नाही. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांच्या अंगणात त्या दिवसांत साळुंक्या येत असत का, असे आम्ही त्यांना विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि खरे सांगायचे तर लक्षात नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले.

शेवटी खणले. घटस्थापनेच्या आदल्या रविवारी माळीकाका खुरपे घेऊन आणि आम्ही सोनाराकडून उसने आणलेले भिंग घेऊन बसलो. भिंतीलगतच्या तिन्ही डागांखाली एकही अळी नव्हती. तेथे बोटभर खाली करड्या रंगाचा कठीण थर लागला. उन्हाळ्यात वाचनकक्षाच्या गिलाव्याचे काम झाले तेव्हा गवंड्यांनी सिमेंटची घमेली रोज तेथेच धुतली होती. त्या थराखाली मुळांना जाता येत नव्हते. निंबाखालच्या डागात मात्र माळीकाका बरोबर ठरले. एका चौरस फुटात अकरा मुंडे निघाले, लठ्ठ आणि दुधाळ रोगाचा मागमूस नसलेले. थर फोडून काढला आणि नवी माती घातली. निंबाखालची जागा हाताने वेचून उलटी टाकून ठेवली. दुपारपर्यंत तेथे सहा-सात साळुंक्या आणि एक हुदहुद काम करीत होते. पुढील ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की त्या रात्री निंबाखाली चादर अंथरून आणि बत्ती घेऊन बसायचे ठरले आहे. तीन सभासदांनी नावे दिली आहेत. रॉकेल कोठून मिळवायचे, एवढाच प्रश्न उरला आहे.